खुलासा : पहिला अर्धवेळ माणूस ठेवताना पीएफ लागतो का?

पुण्यात सिंहगड रोड, कोथरूडला साफसफाईची कामं घेणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘एक जरी अर्धवेळ माणूस ठेवला तरी पहिल्या दिवसापासून पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि शॉप अॅक्टची नोंदणी लागते. त्यापेक्षा रोखीत द्या, अर्धवेळवाल्याला किमान वेतन नसतंच.’ गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला. चूक झाली. नंतर मूळ कायदे आणि अधिसूचना वाचल्या, आमच्या सीए ताईंनाही विचारलं.

पीएफ सक्तीचा होतो २० कामगारांपासून. ईएसआयलाही किमान १० लागतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, म्हणजे शॉप अॅक्टमध्ये, वीसपेक्षा (२०२५च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा) कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची.

किमान वेतनाचं मात्र अगदी उलट आहे आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. ते एकाच माणसालाही लागू आहे. राज्याच्या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगाराचा तासाचा दर काढताना रोजच्या दराला आठने भागून वर १५ टक्के धरतात. म्हणजे तासाला कमी नाही, उलट थोडं जास्तच. सकाळी तीन तास जिने पुसणाऱ्या मावशींचा हा हक्क आहे. पैसे रोख दिले म्हणून तो बुडत नाही. यूपीआयने किंवा खात्यात दिले, तास वहीत लिहिले, तर दोघांकडेही पुरावा राहतो.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा. मीही माझ्या सगळ्या ग्रुपवर टाकतेय.