अठरा धान्यांचं कडबोळं

पीएचडीचा प्रबंध अडलाय? कॅसची, म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीची, फाइल प्राचार्यांच्या टेबलावर झोपलीय? मग नावाजलेल्या जर्नलकडे पेपर पाठवून आठ-आठ महिने वाट बघायचा वेडेपणा करू नका. माझं ऐका. मी आत्ताच हात पोळून घेतलाय.

जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' हवं, 'मल्टिडिसिप्लिनरी' हवं आणि पत्ता फ्लॅटचा हवा. मेल 'रिस्पेक्टेड सर' असा आला तर आपण बाई आहोत हे कळवत बसू नका.

आयएसएसएन आहे ना, मग झालं. तो नुसता ओळखक्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. ब्रेक लागतात का, हे त्यावरून कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही असतोच, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक सरासरी किती हवाला देतात त्याचा आकडा. खरा क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते. हा घरगुती, लोणच्यासारखा दर वर्षी मुरत जाणारा.

पीअर रिव्ह्यूची, म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांनी करायच्या तपासणीचीही धास्ती नको. 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने दगडफुलातल्या एका रेणूने कर्करोगाच्या पेशी मरतात असा मुद्दाम चुका पेरलेला बनावट पेपर 304 जर्नलांना पाठवला होता. रसायनशास्त्र जेमतेम येणाऱ्यालाही त्यातली खोट दिसावी. 157 जणांनी तो आनंदाने स्वीकारला. तुमचा तर खरा आहे, तुम्हाला कसली भीती? माझा दुपारी तीनला गेला, संध्याकाळी साडेसहाला स्वीकृती आली. सोबत अभिप्राय: 'यील्ड समाधानकारक आहे.' यील्ड म्हणजे रासायनिक प्रयोगातून हाती लागलेला माल.

मी चौथीतल्या 14 कर्णबधिर मुलांबद्दल लिहिलं होतं.

आता अंक कसा वाचायचा ते सांगते. पान 41 वर पायरॅझोलची नवी संयुगं. पान 46 वर हृदयाची उत्क्रांती: माशाच्या दोन कप्प्यांपासून बेडकाच्या तिनांवरून आपल्या चारांपर्यंत, सुमारे 50 कोटी वर्षं पाच पानांत उरकलेली. पान 51 वर मी. माझ्यामागे दूध संघ आणि जीएसटी. पायरॅझोलवाला पोरगा बिचारा चांगलं काम करत असेल, पण त्याचे एनएमआरचे, म्हणजे रेणूची रचना दाखवणारे, आलेख असे छापलेत की मुंग्यांची रांग वाटावी. आणि माझं? युनिकोडमधला मजकूर यांनी कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये ओढला आणि सगळे रफार उडाले. माझी मुलं 'कणबधिर' झाली, त्यांची यंत्रं 'कणयंत्रं'. दोन वर्षं मी त्या वर्गात बसले होते. 'रामने आंबा खाल्ला' यातला 'ने' बोलताना इतका हळू पडतो की कानात यंत्र असलेल्या मुलालाही तो नीट पोचत नाही. जे कधी ऐकलंच नाही ते पोरानं लिहायचं कसं? म्हणून ते 'राम आंबा खा' लिहितं आणि आपण त्याला मंद म्हणतो. खुणा आणि चित्रांच्या पट्ट्या वापरून प्रत्यय शिकवल्यावर कोणाचं किती सुधारलं, ते तक्ता क्रमांक 3 मध्ये होतं. तक्ता 3 छापलाच नाही. फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, पानं वाढत होती.' जीएसटीवाल्याचा पासपोर्ट साइज फोटो मात्र रंगीत आहे.

असो. सल्ले राहिले.

पैशांचा क्यूआर कोड मागून घ्या, तो पेपरच्या आधी लागतो.

सहलेखक म्हणून गाइडचं नाव घाला. त्यांनी पेपर वाचला पाहिजे असं काही नाही.

लिहायचा कंटाळा असेल तर थेट संपादक व्हा. पोलंडच्या काही संशोधकांनी अ‍ॅना ओ. शुस्ट नावाची बाई कागदावर उभी केली. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठक. तिने 360 जर्नलांकडे संपादकपद मागितलं, 48 ठिकाणी मिळालं. 2017 साली ही हकीकत छापून आली.

मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीची काळजी तर मुळीच नको. 2018 च्या मे महिन्यात यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्या यादीतली 4,305 जर्नलं उडवली, मग केअर नावाची नवी यादी आली, 2025 च्या फेब्रुवारीत तीही गेली. आता म्हणे विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनीच पारखून घ्यायचं. म्हणजे सर, तुम्हीच.

हो, तुम्हालाच म्हणतेय. एकदिवसीय कॉन्फरन्स भरवून दुपारी श्रीखंड-पुरी खाऊ घालता, दीडशे पेपरचा स्पेशल इश्यू काढता आणि त्यातला एक पेपर वाचत नाही. एकसुद्धा नाही! तुम्हाला रसायन कळतं ना? मग तो पायरॅझोलचा तरी वाचायचा होता. माझ्यासारखीला 'सध्या लावून टाका, मोजणीत येईल' असं सांगता, आणि मी शहाणी, लावलाही. तीही चूकच, कबूल. पण त्या मुलांनी दोन वर्षं माझ्यासमोर बसून तोंडं वाकडी करकरून 'ने' म्हणून दाखवलंय. ते काही तुमच्या मोजणीसाठी नव्हतं. लाज वाटू द्या थोडी.

भरलेले दीड हजार रुपये परत नकोत मला. तक्ता 3 छापा, रफारांसकट.