दोन दिवस उशीर झाला, माफी मागतो. पण "दहा मिनिटांचं काम" म्हणू नका.

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार. पंपाची सील रिंग (पाणी गळू नये म्हणून दुसऱ्या रिंगला लागून फिरते ती) लेझरने बारीक ठिपके पाडायला 26 जुलैला दिली, चार दिवसांचा वायदा असून 1 ऑगस्टला हातात आली, फोन उचलला नाही, दहा मिनिटांच्या कामाचे 2,200 रुपये घेतले, "गुळगुळीत फेसला (म्हणजे रिंगच्या घासणाऱ्या बाजूला) खड्डे पाडून ठेवले" आणि तीन आठवड्यांत सील गळू लागलं, असं तुम्ही लिहिलंय. उशीर आणि फोन, दोन्ही चुका माझ्याच. 31 जुलैला मासेमारीबंदी संपते. मालीम जेटीवरून बाकीचे ट्रॉलर सुटत असताना आपला बांधून ठेवायचा म्हणजे काय, हे मला कळतं. मनापासून माफी मागतो.

पण ते "दहा मिनिटांचं काम" फार लागलं. रिंग लेझरखाली दहाच मिनिटं होती, हे खरं. भांड्यांवर नाव घालणारा याच मशीनवर पन्नास रुपयांत करून देतो, असंही तुम्ही माझ्या पोरांसमोर म्हणालात. मशीन त्याच जातीचं आहे, नाकारत नाही. पण भांड्यावरचं नाव कशावर घासत नाही, भाऊ. लेझरने ठिपका पाडला की वितळलेला धातू त्याच्या काठावर थिजतो आणि कडं उभं राहतं. जेमतेम काही मायक्रॉनचं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रिंग तशीच बसवली तर तेच कडं समोरच्या कार्बन रिंगला कानशीसारखं खातं. म्हणून डायमंड पेस्टने लॅपिंग करायचं, म्हणजे फेस बारीक घासून सपाट करायचा. मग ठिपक्यांत अडकलेली पेस्ट धुऊन काढायची, नाहीतर कार्बन खायला तीही पुरते. मग फेसवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काच, ठेवून सोडियम लाइटखाली पट्ट्या बघायच्या; पट्ट्या सरळ तर फेस सपाट. एक पट्टी म्हणजे 0.3 मायक्रॉनपेक्षा किंचित कमी. तुमच्या रिंगच्या पट्ट्या पहिल्या वेळी वाकड्या आल्या, पाच-पाच. तशीच बांधून दिली असती तर तुम्ही 30 तारखेला खूश होऊन गेला असता. माझं मन झालं नाही. पुन्हा लॅपला घातली, पुन्हा धुतली, पुन्हा बघितली. ते दोन दिवस तिथे गेले. हे तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं.

खड्ड्यांचं म्हणाल तर फेस नुसता गुळगुळीत असून भागत नाही, दोन फेसमध्ये पाण्याचा पातळ थर टिकावा लागतो. ठिपका साधारण 100 मायक्रॉन रुंद आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा खोल. त्यात पाणी राहतं, रिंग फिरताना तिथे दाब तयार होतो आणि फेस एकमेकांना टेकत नाहीत. बारीक कचराही त्यात जाऊन बसतो. हे मी कुंडईतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये बसून काढलेलं खूळ नाही. इस्रायलमधल्या टेक्निऑनचे प्रा. एत्सिऑन यांनी 1990 च्या दशकात सीलवर हेच काम करून दाखवलं.

गळतीचं मात्र मला स्पष्ट लिहू द्या. तुमचा माणूस रिंग घेऊन आला तेव्हा मी ती भिंगाखाली धरली. टंगस्टन कार्बाइडच्या फेसवर आतून बाहेर केसासारखे तडे गेले होते. असे तडे उष्णतेने जातात, पंप कोरडा चालला की. ठिपक्यांत मावतं ते पाणी किती, थेंबाएवढंही नाही. पाणी आत घेणारा व्हॉल्व बंद असताना पंप फिरला तर कुठलीच रिंग वाचत नाही. मी कोणावर आळ घेत नाही, खलाशांना एकदा विचारून बघा. रिव्ह्यूत याचा एक शब्द नाही, म्हणून लिहावं लागलं. बारा वर्षं या धंद्यात आहे, जेटीवरची माणसं एकमेकांचं ऐकूनच इथे येतात.

पुढच्या जुलैत कामं घेताना विचार करूनच घेईन, फोनचंही काहीतरी बघतो. तुमची रिंग कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आहे. चवथीआधी कधीही या, तडे तुमच्या डोळ्यांनी भिंगातून बघा. नवीन रिंग आणलीत तर ठिपके आणि लॅपिंगची मजुरी घेणार नाही. फक्त तीन दिवस द्या.