खायच्या सोड्याचा तो मेसेज मीच टाकला होता, चूक झाली

मागच्या महिन्यात मी ग्रुपवर टाकलेलं की केस कोरडे नि पिंजारलेले होतात ते शाम्पूतल्या केमिकलमुळे, म्हणून खायच्या सोड्याने धुवा. आता तेच तीन ग्रुपमधून फिरून माझ्याकडे परत आलंय 😅 ते चुकीचं आहे.

सोडा अल्कलाइन (आम्लाच्या उलट) असतो, पाण्यात पीएच (आम्लता मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कलाइन) ८ च्या वर जातो, आणि केसाचा स्वतःचा असतो साधारण ३.६७, त्यामुळे वरचे खवले उघडतात, केस एकमेकांत घासतात नि अजून पिंजारतात. मी स्वतः चार वेळा करून बघितलं, शेवटी कंगवाच अडकायला लागला, मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तर त्यांनी पहिलं हेच बंद करायला सांगितलं.

खरी कारणं बहुतेक साधीच असतात. सारखं स्ट्रेटनिंग, कलर, टॉवेलने खसाखसा पुसणं, बोअरचं जड पाणी. आणि पावसाळ्यात तर हवेतला ओलावा केसात शिरून ते फुगतातच, त्यात शाम्पूचा काय दोष? कुरळे केस तर मुळातच कोरडे, डोक्याचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही. शाम्पूनंतर कंडिशनर लावा. केस गळतायत, वजन वाढतंय, थकवा आहे असं सगळं असेल तर थायरॉइड तपासा.

तो जुना मेसेज डिलीट करा, प्लीज पुढे पाठवू नका.