रामदरबाराचं ‘1818 चं नाणं’ कंपनीचं नाही

एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, 1818’. ‘हे नाणं लिलावात लाखोंना जातं’ असा निरोप सध्या फिरतोय. हा दावा खोटा आहे.

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ही देवळाबाहेर, जत्रेत विकली जाणारी टोकनं आहेत. मुळात तांब्याचा एक आणा कंपनीच्या चलनात नव्हताच; तांब्यात पाव आणा, अर्धा आणा असायचे. एक आण्याचं नाणं आलं 1907 मध्ये, तेही निकेलमिश्रित आणि नागमोडी कडेचं. कंपनीचा 1835 चा पाव आणा हातात घेऊन बघा: एका बाजूला दोन सिंहांमधली ढाल, दुसरीकडे पानांच्या वेलीत किंमत आणि खाली फारसीत ‘एक पाई’. देव कुठेच नाही.

देव्हाऱ्यात आजीने ठेवलेलं टोकन जरूर पुजा, त्याचा मान वेगळा. पण ‘विक्रीआधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी किंवा कमिशन घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं त्या बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. खरा लिलाववालाही आधी नाणं तपासायला मागतो, ओटीपी नाही.

आणि घरात ‘श्री राजा शिव’ लिहिलेली झिजकी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) सापडली, तर ती चिंच लावून घासू नका. तांब्यावरची ती जुनी काळपट झाक गेली की नाण्याची किंमत उतरते.