कर्नाकचं कोरीवकाम एकसारखं नाही
इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरांवरचा तुमचा लेख आवडला, फोटो तर झकासच. फक्त ‘कर्नाकचं सगळं कोरीवकाम एकाच धाटणीचं’ हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. तिथल्या १३४ खांबांच्या दालनात उत्तरेकडचा भाग पहिला सेती या राजाचा. तिथे आजूबाजूचा दगड तासून आकृत्या वर उठवल्यात. दक्षिणेकडे त्याचा मुलगा, दुसरा रामसेस. त्याने सुरुवात तशीच केली, पण पुढे आकृत्या दगडात खोल कोरायला लावल्या. काम लवकर उरकतं, शिवाय नंतरच्या राजाला खोडणंही अवघड. (स्वतः मात्र जुन्या राजांच्या मूर्तींवर बिनदिक्कत आपलं नाव घालायचा!) बाहेरच्या भिंतींवर खोल रेषा उन्हात उठून दिसतात, हे मान्य. नजाकत बघायची तर इजिप्तमधल्याच अबायडोसचं सेतीचं मंदिर. तिथे कितीतरी ठिकाणी मूळ रंगही शाबूत आहेत. त्यावर लिहा ना कधीतरी.