मेंदू म्हणजे नुसता रेडिओ नाही, आणि फिटच्या गोळ्या बंद करू नका

‘चैतन्य मेंदूत नसतं, विज्ञानानेच सिद्ध केलं’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम, मेंदूच नसलेला फ्रेंच माणूस, मरून परत आलेल्यांचे अनुभव, क्वांटम फिजिक्स, सगळं त्यात आहे. मेंदू हा नुसता रेडिओ, चैतन्याचं प्रक्षेपण बाहेरून होतं, असं त्याचं म्हणणं. एरवी मी असले मेसेज सोडून देतो. पण हा माझ्या मामीपर्यंत पोचला. तिच्या मुलाला फिट येतात, आणि मेसेजच्या शेवटी लिहिलंय की गोळ्या फक्त रेडिओवर काम करतात, म्हणून त्या सोडा आणि ध्यान करा. मामीने विचारलं, “मग हळूहळू बंद करूया का रे?”

म्हणून आधी गोळ्यांचंच. फिटच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर एकामागून एक फिट येत राहून थांबतच नाहीत अशी वेळ येऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. ध्यान जरूर करा, गोळी घेऊन करा.

आता तो रेडिओ. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश एकदम, बेबंद सुटतात. ते कुठल्या भागात सुटतात त्यावर पुढचं ठरतं. कुणाचा नुसता अंगठा उडतो, कुणाला नसलेला वास येतो, कुणाला अनोळखी जागा ओळखीची वाटते; सगळ्या मेंदूभर पसरलं की शुद्धच जाते. रेडिओ बिघडला तर खरखर येते, बातम्या देणाऱ्याचे विचार बदलत नाहीत. मेंदू बिघडला की आठवणी, भीती, स्वभाव सगळंच बदलतं. आपण शरीरात आहोत ही जाणीवसुद्धा. २००२ साली मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एका बाईची केस मांडली. तिला फिट येत असत, आणि तपासणीसाठी तिच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले होते. उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी थोडा करंट दिला की तिला पलंगात रुतल्यासारखं वाटे. करंट वाढवला की आपण वर आहोत आणि खाली पलंगावर आपलंच शरीर पडलंय असं दिसे, तेही फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग. ज्या अनुभवाला मेसेज ‘आत्मा बाहेर पडला’ म्हणतो, तो इथे विजेच्या तारेने घडवता आला. मला तरी रेडिओचा मुद्दा इथेच संपलेला दिसतो.

२१ ग्रॅम हा सगळ्यांत पोकळ दावा. अमेरिकेतल्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरांनी मरणासन्न माणसांचे पलंग काट्यावर ठेवून वजनं घेतली आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. माणसं फक्त सहा. त्यांतली दोन मोजमापं त्यांनी स्वतःच बाद केली. २१ ग्रॅम हा आकडा एकाच रुग्णाचा आहे, बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी जुळतच नाहीत. नंतर १५ कुत्र्यांवर प्रयोग केला, वजन घटलं नाही, तर कुत्र्यांना आत्मा नसतो असं त्यांनी ठरवलं. एका माणसाच्या एका मोजमापावर शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांना फसवलं जातंय.

‘मेंदूच नसलेला’ फ्रेंच माणूस २००७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेतला. वय ४४, सरकारी नोकरी, दोन मुलं. डोक्यात पाणी साचून त्याचा मेंदू कवटीच्या कडेला दाबला गेला होता. दाबला गेला होता, नाहीसा झाला नव्हता. बुद्ध्यांक ७५ होता, हे मेसेज सांगत नाही.

मृत्यूच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव मात्र मी खोटे म्हणणार नाही. डॉक्टर सॅम पर्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात हृदय बंद पडलेल्या २०६० घटना होत्या. वाचलेल्यांपैकी एकाचं वर्णन खोलीत घडलेल्या गोष्टींशी जुळलं. पण खरंच वरून दिसतं का हे तपासायला काही खोल्यांत उंच फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती, तशी फळी त्याच्या खोलीत नव्हती. आणि चित्र पाहिलं असं सिद्ध झालेला एकही जण सापडला नाही. शिवाय हृदय थांबलं म्हणजे त्याच क्षणी मेंदूच्या पेशी मरतात असं नाही.

क्वांटमबद्दल एवढंच, की चैतन्य क्वांटम घडामोडींतून येतं असं सांगणारा, भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांचा वादग्रस्त सिद्धांतही मेंदूच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांबद्दल आहे. तोही मेंदूच्या आतच.

एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना मान्य करतो. पेशींच्या हालचालीतून लाल रंगाचा अनुभव, दुखण्याचं दुखणं नेमकं कसं उभं राहतं, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली होती. २०२३ साली कॉख हरले आणि त्यांनी वाइन दिली. कोडं खरं आहे. पण ‘कसं ते अजून कळलेलं नाही’ यावरून ‘मेंदूशी संबंधच नाही’ हे कसं निघतं? शस्त्रक्रियेआधी दिलेलं भुलीचं औषध मेंदूवर काम करतं आणि जाणीव जाते, हे रोज घडतंय.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान गोळ्यांबद्दलचा मजकूर चुकीचा आहे एवढं त्याच ग्रुपवर आजच्या आज लिहावं.