खुलासा: 'कमी किलोमीटरची जुनी एस-क्लास डोळे झाकून घ्या' हे चुकीचं आहे

दिल्लीहून आलेली दहा-बारा वर्षं जुनी मर्सिडीज एस-क्लास, मीटर 40 हजारांच्या आत, म्हणजे बिनधास्त घ्या, असा मेसेज फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. ती माझी चूक होती.

नंतर अशीच एक गाडी बघायला गेलो. मीटरवर 38 हजार, पण सर्व्हिसच्या जुन्या बिलावर त्याच्या दुप्पट आकडा. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागाच.

आणि आकडा खरा असला तरी रबर वयानेच म्हातारं होतं. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांचं सस्पेन्शन असतं. पिशवी झिरपू लागली की कॉम्प्रेसर, म्हणजे तिच्यात हवा भरणारा पंप, सतत चालून जळतो, आणि दोन्हींचा खर्च मोठा. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर सावध व्हा. सौदा करणारा घाई करत असेल तर आणखीच. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला.

कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही आरसीवर बघा. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. मेसेजमधल्या किमतीत तो धरलेलाच नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे कळवा.